वातींचा हिशेब आणि वाटेवरचे देव

आषाढाची अमावास्या म्हणजे दिव्यांची अवस. त्या दिवशी घरातील समया, निरांजने, लामणदिवे चिंच-राखेने लखलखीत होऊन पाटावर येतात, कणकेच्या दिव्यांचा नैवेद्य होतो, आणि दुसऱ्या दिवशी श्रावण उंबरठ्यावर उभा राहतो. मग देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकरांना खेळविणाऱ्या जरा-जीवंतिका आणि बुध-बृहस्पती असे सारे दैवत एका चौकटीत गोळा होऊन घराकडे पाहू लागते. सोमवारची शिवामूठ, मंगळवारची मंगळागौर, शुक्रवारचे पुरणाचे दिवे, पंचमीला पाटावर गंधाने रेखलेला नाग, अमावास्येला पिठोरी. श्रावणात देवाचे काही नाही असा वार शोधूनही सापडायचा नाही.

या प्रत्येक व्रताची कहाणी पोथीत छापलेली आहे. मात्र पूजेच्या तबकात जे जे दिसते, ते कोणी, केव्हा आणि कोणत्या वेळात केले, हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही. कापसाची वस्त्रे, फुलवाती, समईच्या लांब वाती, काकडे, कुंकवाची बोटे लावलेल्या माळा, यांपैकी एकही वस्तू आपल्या घरी पूर्वी विकत येत नव्हती. ती कोणाच्या तरी हातून, दिवसाच्या कुठल्या तरी फटीत, मूकपणे तयार होत होती. माझ्या घरी ते हात आईचे होते, आणि आहेत.

आईचा जन्म १९३८चा, माहेर कुरुंदवाडचे, आणि सासर मिरजेला कृष्णेच्या घाटाकडच्या वस्तीत. १९५८ साली ती लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू-सासरे, दोन दीर, एक नणंद, आणि जाऊन-येऊन पाहुणे. पुढे आम्ही चार भावंडे झालो. प्राथमिक शाळेत ती शिक्षिका होती; सकाळी अकराला शाळेत हजर व्हायचे म्हणजे पहाटे साडेचारला उठणे आले. बंब पेटविणे, सडा, देवपूजेची तयारी, नऊ माणसांचा स्वयंपाक, आम्हा मुलींच्या वेण्या, सासऱ्यांचा काढा. संध्याकाळी परतताना हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. रात्री स्वयंपाकघर आवरून झाले की ती ओट्याला टेकून बसे, पदराशी कापसाचा पेळू घेई, आणि तिथून पुढचा अर्धा-पाऊण तास हा दिवसातला एवढाच वेळ असा, की ज्यात तिला कोणी हाक मारीत नसे. वाती वळणाऱ्या बाईला उठवायचे नाही, असा आजीचा दंडक होता. आजी इतर बाबतींत फार कडक. पण हा एक दंडक तिने सुनेच्या बाजूने घातला होता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले.

कापूस, पेळू आणि पदर

ज्या भगिनींनी बाजारातील तयार वातींची पुडीच पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगते. आमच्या परसात देवकापसाचे झाड होते. शेतातल्या कपाशीसारखे हे वर्षाचे पीक नव्हे. झाड बरीच वर्षे टिकते आणि माणसाच्या डोक्यावर जाते. त्याची बोंडे उकलली की आतला कापूस काढायचा, सरकी एकेक करून बोटांनी सोडवायची, कापूस उन्हात ठेवायचा आणि हाताने पिंजून मोकळा करायचा. मग त्याचा पेळू. फुलवातीसाठी चिमूटभर कापूस तळहातावर पसरून गोल करायचा, मध्यभागी उचलायचा, आणि दुधाचा किंवा विभूतीचा किंचित स्पर्श केलेल्या दोन बोटांनी टोक पिळायचे. खालचा घेर सैल हवा, कारण तूप तो पितो. वरचे टोक घट्ट हवे, कारण जळायचे ते त्याने. घेर घट्ट झाला तर वात तडतडते, आणि टोक सैल राहिले तर ती वाकून तुपात बुडते. समईची वात लांब, दुपदरी, तळव्याखाली एकसारखी वळलेली. आणि त्रिपुरी पौर्णिमेची त्रिपुर वात म्हणजे साडेसातशे पदरांची. पेळूतून काढलेले बारीक सूत चार बोटांभोवती मोजून साडेसातशे वेढे गुंडाळायचे. मध्येच कोणी बोलले आणि आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

वस्त्रमाळ याहून नाजूक. कापसाची बारीक दोरी ओढीत ठरावीक अंतरावर तिला मण्यासारखे फुगवटे ठेवायचे आणि हळदी-कुंकवाचे बोट लावायचे. गौरींना सोळा मण्यांचे वस्त्र हवे, म्हणून भाद्रपदाच्या आधी आठ दिवस आईच्या तर्जनीचे टोक कुंकवाने लाल झालेले असे आणि शाळेत मुले विचारीत, "बाई, बोट कापलं का?"

बारा महिन्यांचा असाच काही ना काही नेम होता. आश्विनात आकाशकंदिलाच्या कामट्या आणि खळ, चैत्रात अंगणातले चैत्रांगण, वैशाखात कुरडया आणि शेवया. लग्नसराई आली की मग रुखवताचे गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे, फणोल्या. रव्या-मैद्याच्या भिजविलेल्या पिठाचे हे इवले दागिनेच म्हणायचे, आणि ते एका खिरीत संपून जायचे. यांतले चैत्रांगण तिला फारसे जमत नसे. तिची गोपद्मे वाकडी येत आणि नणंद ती मुकाट्याने पुसून पुन्हा काढी.

पौषाबद्दल मात्र थोडे थांबले पाहिजे. मिरजेकडे थंडी बेताचीच, तरी पौषातल्या पहाटे शेगडीवर परात चढली की घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. हलव्याला काटा यायचा असेल तर हवा कोरडी आणि गार लागते. ढगाळ दिवशी कितीही खटपट केली तरी दाणा गुळगुळीत राहतो. साखरेच्या पाकात चमचाभर दूध घालून मळी काढायची, पाक पातळ वस्त्रातून गाळायचा. राखेखाली झाकलेल्या निखाऱ्यांवर परात, परातीत भाजलेले तीळ, साबुदाणा, खसखस किंवा लवंगा. त्यांवर पाकाचा एक चमचा सोडायचा आणि बोटांच्या शेंड्यांनी दाणे फिरवीत राहायचे, तो सुकला की दुसरा. घाई केली की गोळा होतो. विस्तव वाढला की काटा मोडतो. एका परातीला चार-चार, पाच-पाच पहाटा लागत. मग तो शुभ्र काटेरी हलवा दोऱ्यात ओवून नव्या सुनांसाठी मंगळसूत्र, बांगड्या, तोडे, बाजूबंद, आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट आणि बासरी. गल्लीत कोणाकडे पहिली संक्रांत असली की आईकडे निरोप येई. तिने कधी पैसे घेतले नाहीत. साखर मात्र ज्याची त्याने आणायची. हा व्यवहार मला फार शहाणपणाचा वाटतो. बोटे भाजून घेणे ती देवाच्या नावे करीत असे, पण शिक्षिकेच्या पगारात सबंध गल्लीची साखर बसली नसती.

पिशवीतला पेळू

अशा बाईचा प्रवास तो काय असणार? शाळेला सुट्टी, घरात आजारपण नाही, नणंदेचे बाळंतपण नाही आणि हाती थोडे पैसे आहेत, असा योग वर्षातून एकदा-दोनदा जुळे. सहल हा शब्द आमच्या घरी नव्हता. जायचे ते देवाला. पण देवाला जाताना आईचा चेहरा जसा उजळे, तसा तो एरवी दिसत नसे, आणि त्या उजळण्यात देवाइतकाच वाटेचाही वाटा होता, असे माझे मत आहे. तिने ते कधी कबूल केले नाही.

जवळचे ठिकाण म्हणजे नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे हे दत्तक्षेत्र मिरजेपासून फार दूर नाही. श्रीनृसिंहसरस्वती औदुंबरला एका चातुर्मासापुरते राहिले आणि वाडीला बारा वर्षे. तिथे मूर्ती नाही, मनोहर पादुका आहेत. वाडीच्या पलीकडे कुरुंदवाड, आईचे माहेर. त्यामुळे वाडीला जाणे म्हणजे दत्तदर्शन आणि मामाच्या घरी एक रात्र, असा दुहेरी लाभ. आम्हा मुलांचे लक्ष बासुंदीवर आणि कवठाच्या बर्फीवर. आईचे लक्ष घाटाच्या पायऱ्यांवर, पाणी कितव्या पायरीशी आहे याकडे.

कारण श्रावण-भाद्रपदात वाडीला जे घडते ते अन्यत्र क्वचित पाहायला मिळते. नदीला पूर येतो, पाणी पायऱ्या चढत मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहून दक्षिणेकडच्या द्वारातून बाहेर पडते. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या वाहत्या पाण्यात स्नान करण्यासाठी माणसे रात्री-अपरात्री धावत येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवितात. आईने लहानपणापासून हा सोहळा पाहिलेला. पुराला हात जोडायचे, त्याची ओटी भरायची, हे तिच्या अंगवळणी होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

दुसरे ठिकाण पंढरपूर. आषाढीला शाळा असे, म्हणून आमची वारी दिवाळीच्या सुट्टीत, कार्तिकी एकादशीच्या मागे-पुढे. मिरजेहून पंढरपूरला तेव्हा छोटी गाडी जाई. बार्शी लाइट रेल्वेची ही गाडी १८९७ साली बार्शी आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. दोन रुळांत अंतर अवघे अडीच फूट. डबे इतके लहान की समोरासमोर बसलेल्या माणसांचे गुडघे एकमेकांना लागत, आणि त्यामुळेच की काय, आरग गेले नाही तोच डब्यातली सगळी माणसे एकमेकांची कोणी ना कोणी झालेली असत. कवठे महांकाळ, ढालगाव, सांगोला. बाहेर उन्हाने भाजलेला मुलूख, बाभळी, मेंढरे. आत वारकऱ्यांच्या टाळांची किणकिण आणि भाकरी-ठेच्याचा वास. प्रवासाला अर्धा दिवस सहज लागे.

हा अर्धा दिवस आईचा. ना चूल, ना घंटा, ना वह्या. गाडी सुटली की ती पिशवीतून पेळू काढी आणि खिडकीशी बसून वाती वळू लागे. शेजारच्या बायका पाहत, मग एकेक जण हात पुढे करी, "द्या इकडं चिमूटभर." सांगोला येईपर्यंत त्या डब्यात सात-आठ जणी वाती वळीत बसलेल्या आणि प्रत्येकीची वळण्याची तऱ्हा वेगळी. एक धनगराची म्हातारी मांडीवर दोरी वळावी तशी वात वळायची, तिची वात कुणाच्याही वातीहून जास्त वेळ जळे, असे आई आजही सांगते. पंढरपुरी उतरल्यावर त्या सगळ्या वाती एकत्र करायच्या, चंद्रभागेच्या वाळवंटात द्रोणातून लावायच्या, आणि मग दर्शनाच्या रांगेत. कोणाची वात कोणती, याचा हिशेब तिथे नसे. नामदेवाची पायरी, गरुडखांबाला मिठी, विठोबाच्या पायांवर टेकलेले डोके, आणि परतताना लाह्या, बुक्का, कुंकू, तुळशीची माळ. मिरजेचे तंबोरे आणि सतारी ज्या भोपळ्यांच्या होतात ते भोपळेही पंढरपूरच्या परिसरातूनच येतात. आमच्या वडिलांना गाण्याचे वेड असल्याने, आपल्या गावाचा सूरसुद्धा विठोबाच्या शेतातला, असे ते दर वारीला न चुकता म्हणत, आणि आम्ही भावंडे ते त्यांच्या आधी म्हणून टाकीत असू.

काशी घडली ती १९८९च्या दिवाळीच्या सुट्टीत. सासू-सासरे दोघेही निवर्तले होते, मोठ्या बहिणीचे लग्न झाले होते, आणि आईच्या एकावन्न वर्षांच्या आयुष्यात प्रथमच सलग पंधरा दिवस मोकळे सापडले. विश्वेश्वराचे दर्शन झाले. तिथले सध्याचे मंदिर १७८० साली अहिल्याबाई होळकरांनी उभारले, हे ती वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आली होती. प्रत्यक्ष गाभाऱ्यात उभी राहिल्यावर तिला रडू आवरले नाही. पण घरी आल्यावर ती सर्वांत जास्त बोलली ती पंचगंगा घाटाबद्दल. कार्तिकात तिथे उंच बांबूंच्या टोकांना वेताच्या टोपल्यांतून आकाशदीप टांगतात. पूर्वजांना वाट दिसावी म्हणून ते दिवे. घाटावर दगडी दीपस्तंभ आहे, तोही अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या पायथ्याशी एक काशीकर वृद्धा वाती वळीत बसली होती. आईला हिंदी शाळेच्या पुस्तकापुरते, आणि त्या बाईंना मराठीचे एक अक्षर येत नव्हते. आई तिच्या शेजारी बसली, पिशवीतून आपला पेळू काढला. तासभर दोघी वळीत राहिल्या. उठताना त्या बाईने आपल्या मूठभर वाती आईच्या पदरात टाकल्या आणि आईच्या मूठभर उचलल्या. त्या वाती आईने त्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला मिरजेच्या घाटावर लावल्या. वडील गमतीने म्हणत, लोक काशीहून गंगा आणतात, हिने कापूस आणला.

लाखाचा संकल्प

लक्षवर्तीचे व्रत, म्हणजे एक लाख वाती स्वहस्ते वळून देवापुढे लावण्याचे, आईच्या मनात कधीपासून होते कोण जाणे. उद्यापनात चांदीच्या निरांजनात सोन्याची वात ठेवून दान करण्याचा प्रघात असल्याने व्रत खर्चाचेही आहे. पण खर्चाहून अवघड आहे ती वेळेची बाब. सरावलेल्या हाताला एका फुलवातीसाठी दहा सेकंद धरले तरी लाख वातींना सुमारे दोनशे अठ्ठ्याहत्तर तास होतात. चातुर्मासाचे दिवस साधारण एकशे अठरा. म्हणजे चातुर्मासात पुरे करायचे तर रोज आठशे सत्तेचाळीस वाती, आणि त्यासाठी रोज सव्वादोन तासांहून अधिक बैठक. २०२३ सारखा अधिक श्रावण आला की चातुर्मास पाच महिन्यांचा होतो, तेवढीच सवड. नोकरी करणाऱ्या, नऊ माणसांचा स्वयंपाक रांधणाऱ्या बाईला सव्वादोन तास कोण देणार? म्हणून व्रत राहिले. १९९६ मध्ये ती निवृत्त झाली. मग नातवंडे, मग वडिलांचे दीर्घ आजारपण. ते गेल्यानंतर, २०१५च्या आषाढी एकादशीला, सत्त्याहत्तराव्या वर्षी, तिने संकल्प सोडला. चातुर्मासाचे बंधन घातले नाही. जमेल तशा, पण रोज.

तिने शाळेच्या हजेरीपटासारखी एक आडव्या रेघांची वही केली. तारीख, तिथी, वातींची संख्या, एकूण. शंभरांची एक जुडी, जुड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, डबे खालच्या खोलीतल्या फडताळात. २०१९च्या जुलैअखेर वहीतला आकडा ६४,३०० होता.

त्या ऑगस्टमध्ये सांगली-मिरजेत कृष्णेचे पाणी ज्या थराला गेले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. आमच्या घरात ते रात्री आले. आईला भावाने उचलून वरच्या गल्लीत नेले. देव घेतले, औषधे घेतली, कागदपत्रे घेतली. वही आईच्या पिशवीत होती, ती वाचली. आठवड्याने घर उघडले तेव्हा खालच्या खोलीत गुडघाभर चिखल आणि भिंतीवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीची मातकट रेघ. फडताळाच्या वरच्या फळीवरचे दोन डबे कोरडे राहिले होते, ११,४०० वाती. बाकीच्या वाती चिखलाचा गोळा होऊन डब्यांना चिकटल्या होत्या. परसातले देवकापसाचे झाडही आडवे झाले होते.

ज्या नदीच्या पुराला वाडीच्या घाटावर आम्ही जन्मभर हात जोडले, तीच घरात येऊन गेली होती. कोणी तरी म्हणाले, कृष्णाबाईनेच वाती नेल्या, म्हणजे तिला पोचल्या. आईने उत्तर दिले नाही. दोन दिवस ती बोललीच नाही. गल्लीतले वयोवृद्ध गुरुजी मुद्दाम भेटायला आले. संकल्प शुद्ध होता, वाती वळून झाल्या होत्या, त्या जमेस धरायला हरकत नाही, असे त्यांनी मोठ्या मायेने सांगितले. तेव्हा ती प्रथम बोलली. "गुरुजी, छत्तीस वर्षं शाळेत होते. वही न बघता मी कुणाला गुण दिले नाहीत. लावली नाही ती वात मी देवाच्या नावावर कशी मांडू?" वहीत तिने ६४,३०० या आकड्यावर एक सरळ रेघ ओढली, खाली ११,४०० लिहिले, आणि भावाला कापूस आणायला सांगितले.

त्या वेळी ती एक्याऐंशी वर्षांची होती.

गुरुजींचे म्हणणे मला अजूनही पटते, हे मोकळेपणाने सांगते. देव हिशेबनीस नाही. पण आईचे म्हणणे ऐकल्यावर वाद घालण्याचे धाडस माझ्याच्याने झाले नाही. आयुष्यभर तिच्या हातची प्रत्येक वस्तू सणाच्या दिवशी खाऊन, वापरून, विसर्जित होऊन संपली. हलवा संपला, गव्हले संपले, गौरींची वस्त्रे पाण्यात गेली, वाती जळून गेल्या. तिला त्याचे कधी वाईट वाटले नाही. त्या वस्तूंचे तेच काम होते. या वाती मात्र आपले काम न करता गेल्या, एवढेच तिचे दुःख होते.

अतीत कोण?

श्रावण अमावास्येची पिठोरी हा आपल्याकडचा आईचा दिवस. कहाणी घरोघरी ठाऊक आहे. जिची मुले जगत नव्हती ती बाई मेलेले मूल पदरात घेऊन रानात जाते, बेलाच्या झाडावर बसते, रात्री देवकन्या येऊन पूजा करतात, नैवेद्य हाती घेऊन अतिथी कोण आहे म्हणून विचारतात, आणि ती खाली उतरून 'मी' म्हणते. तिची मुले तिला परत मिळतात. म्हणून चौसष्ट योगिनींची पूजा झाल्यावर आई खीर-पुरीचे वाण डोक्यावर धरते, मागे न पाहता विचारते, "अतीत कोण?" आणि मागे उभे असलेले मूल आपले नाव सांगून ते वाण घेते.

आमच्याकडे चौघांची नावे चार वेळा घेतली जात. आता धाकटा भाऊ परदेशी असतो. त्याच्या वेळेप्रमाणे तेव्हा पहाट असते. तो दूरध्वनीवरून नाव सांगतो आणि त्याच्या वाटचे वाण थोरली वहिनी घेते. गेल्या काही वर्षांत आईचे हात डोक्यापर्यंत नीट जात नाहीत. बोटांचे सांधे सुजले आहेत, उजव्या हाताचा अंगठा पूर्ण मिटत नाही. ताम्हन आम्ही दोघी बहिणी दोन्ही बाजूंनी तोलून धरतो; प्रश्न तीच विचारते.

याच बोटांनी तिने पुरानंतर पुन्हा आरंभ केला. पहिल्यासारखा वेग नाही. दिवसाला तेहतीस-चौतीस वाती, दोन बैठकांत. सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे ही कामे ती आम्हाला करू देते. वात वळणे नाही. परसात नवे देवकापसाचे रोप लावले, त्याला आता बोंडे धरतात. ८१,७०० हा आकडा सत्त्याऐंशीव्या वर्षी तिने वहीत मांडला, त्या आषाढी एकादशीला मी तिच्याजवळच होते. उरलेल्या अठरा हजार तीनशे. त्याच गतीने गेले तर दीड वर्षाहून थोडे अधिक. हा भागाकार घरातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात केला आहे आणि कोणी बोलून दाखविलेला नाही. आईने मात्र तो वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने उघड मांडून ठेवला आहे, बाकीसकट.

बाजारात आज तयार वातींच्या पुड्या मिळतात. यंत्रावरच्या असतात, तशा बचत गटांच्या भगिनींनी घरी वळलेल्याही असतात, आणि त्यांच्यावर अनेक घरांतला मीठ-मिरचीचा खर्च निघतो. मीही रोजच्या पूजेला त्याच वापरते. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या आजच्या सुनेने त्या घेतल्या म्हणून तिच्या देवपूजेत काही उणे येते, असे मला वाटत नाही, आणि आईलाही वाटत नाही. उलट वहिनी पुडी आणते तेव्हा आई एक वात हातात घेऊन टोक पाहते आणि "ही चांगली पिळली आहे हं" असे शिक्षिकेच्या थाटात सांगते.

धाकटी नात पुण्याला संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करते. गेल्या वर्षापासून ती सुट्टीला आली की आजीजवळ बसते. तिच्या पहिल्या वाती तुपात बुडाल्या, मग तडतडल्या, मग नीट जळू लागल्या. एके दिवशी तिने विचारले, "आजी, माझ्या वाती तुझ्यात धरायच्या का?" आईने बराच वेळ विचार केला. मग पट्टी मागून घेतली आणि वहीत उजवीकडे एक नवा रकाना आखला. त्यावर नातीचे नाव घातले. तिथे आज १,२४० आहेत. दोन रकान्यांची बेरीज तिने केलेली नाही. पण रकाना त्याच वहीत, त्याच पानावर आहे, आणि उद्यापनाचे काय करायचे ते त्या दोघींचे आपसांत काही ठरले आहे, असा मला दाट संशय आहे. विचारले तर दोघीही हसतात.

येत्या दिवाळीत पंढरपूरला जायचे आहे. छोटी गाडी केव्हाच बंद झाली. तो मार्ग आता रुंद झाला आहे आणि गाडी पूर्वीच्या मानाने फार लवकर पोचते. आईला याचा थोडा रागच आहे, एवढ्या वेळात काय वळून होणार म्हणून. नातीने खिडकीशेजारच्या दोन जागा धरायचे कबूल केले आहे. साडेसातशे पदरांच्या दोन त्रिपुर वाती तयार आहेत. सामान आम्ही वाटून घेतले: धाबळी मोठ्या बहिणीकडे, औषधांचा डबा माझ्याकडे, फराळ वहिनीकडे. कापसाची पिशवी मात्र आईने कोणाला दिलेली नाही.